कोल्ट रेडिंगरच्या पायासाठी प्रार्थना

पाइक क्रीक, कॅन्सस
मंगळवार, जेवणाची सुट्टी

तीर्थरूप ऑर्व्हिलदादास,

धाकट्या विल्डाचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मॅव्हिसवहिनींचं रक्तदाबाचं यंत्र दुरुस्त झालं, की त्या अजून अंदाजानेच गोळ्या घेतायत? आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. पण आज बारा दिवस झाले, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली आहे आणि ती तिथेच मुक्कामाला राहिली आहे. तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा वहिनी म्हणाल्या, "ते गाडीखाली आहेत." तुझं गॅरेज आहे हे मला मान्य आहे, पण सोमवारपासून शुक्रवारपर्यंत माणूस गाडीखाली राहत असेल, तर त्याला डबा तरी कोण सरकवतं? चाळीस मैलांवर राहतोस, येऊन भेटले असते. पण समोर आले की तू काहीतरी विनोद करतोस आणि मी हसते, हे आपलं मी सहा वर्षांची असल्यापासून चाललंय. कागदावर तुला विनोद करता येणार नाही. म्हणून हे पत्र.

आर्डिथ पेलबद्दल तू ऐकलंच असशील. (न ऐकून कसं चालेल? एकोणीस वर्षं शाळेसमोर नारिंगी जाकीट घालून, 'थांबा'ची पाटी उंच धरून ती मुलांना रस्ता ओलांडून देते. तुम्ही इथे राहत होतात तेव्हा तुझ्या दोन्ही मुलींना तिनेच रस्ता ओलांडून दिला. धाकटी रोज मधोमध थांबून बुटाची नाडी बांधायची आणि आर्डिथ सगळी वाहतूक अडवून उभी राहायची, आठवतंय?) तर त्या गुरुवारी सकाळी पावणेआठला, पाटी वर असताना, एक लाल पिकअप गाडी न थांबता आली, आर्डिथला उडवलं आणि न थांबताच गेली. पाटी समोरच्या चर्चच्या हिरवळीवर सापडली. आर्डिथ गटाराच्या कडेला सापडली. डावा पाय दोन ठिकाणी मोडला, कंबरेचं हाड तडकलं. मुलं अजून फुटपाथवरच होती, म्हणून वाचली. ती तिथेच थांबली होती, कारण आर्डिथने त्यांना 'थांबा' म्हटलं होतं. शेरीफ ओडम आला, वही काढली, आणि लाल गाडी म्हटल्यावर त्याने वही मिटली. आपल्या कॉलेजच्या संघाचा रंग लाल, त्यामुळे या जिल्ह्यात मेथडिस्ट पाद्र्यापासून दातांच्या डॉक्टरापर्यंत सगळ्यांच्या गाड्या लाल. शेरीफची स्वतःचीही लालच आहे. त्याने सुरुवात तिथूनच करायला हवी होती, असं मी त्याला म्हटलं. तो हसला नाही.

आता माझ्या कचेरीत काय झालं ते ऐक. सव्वीस वर्षं मी कॉलेजच्या क्रीडा विभागात टाइप करते आहे. आमच्याकडचा फुटबॉल (ज्या फुटबॉलला पाय क्वचितच लागतो, चेंडू पोटाशी धरून धावायचं आणि समोरच्याला आडवं करायचं) मी इतका टाइप केलाय की खेळाडूंना नियम मी समजावू शकेन. त्याच गुरुवारी सकाळी आठला कोल्ट रेडिंगर माझ्या टेबलासमोर उभा. तोच तो, बत्तीस नंबरचा, ज्याचा सही केलेला शर्ट तुझ्या गॅरेजच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी आहे. तोंड पिठासारखं पांढरं. म्हणाला, "काकू, सर आहेत का?" पोराने मला आजवर 'काकू' सोडाच, 'गुड मॉर्निंग'सुद्धा म्हटलं नव्हतं. आत गेला, दार लागलं, पाऊण तास लागलेलंच राहिलं. दुसऱ्या दिवशी संघाचे प्रशिक्षक मर्ल बक्नरसर बाहेर आले, पिवळ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "विल्डाबाई, निवेदन आहे, टाइप करा." मजकूर असा होता: 'गुरुवारच्या वाहन-अपघाताची चौकशी पूर्ण होईपर्यंत कोल्ट रेडिंगर यास संघातून दूर ठेवण्यात येत आहे.' मी वाचलं आणि मनात म्हटलं, शाबास, माणसाला पाठीचा कणा आहे. तेवढ्यात त्यांनी कागद परत ओढला. 'वाहन-अपघात' खोडला आणि 'शिस्तभंग' लिहिलं. मग 'शिस्तभंग'कडे बघत बसले. मला म्हणाले, "शिस्तभंग नको. लोक विचारतात, कसली शिस्त?" तेही खोडलं आणि लिहिलं, 'पायाची दुखापत'. "पायाबद्दल कोणी काही विचारत नाही," म्हणाले.

आणि मी टाइप केलं, दादा. हे तुझ्यापासून लपवत नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, मी मान खाली घातली आणि टाइप केलं. पूर्णविरामसुद्धा दिला.

सरांचं म्हणणं खरं निघालं. पायाबद्दल कोणी काही विचारलं नाही, सगळ्यांनी थेट प्रार्थनाच सुरू केली. रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांची यादी वाचली, त्यात पहिलं नाव कोल्टचं. 'आपल्या कोल्टच्या पायासाठी.' आर्डिथ पाचवी, श्रीमती हॅगूडच्या मोतीबिंदूच्या खाली. आणि तुला माहीतच आहे, आपल्या चर्चच्या बायका एकदा का कुणासाठी प्रार्थना करू लागल्या की दुपारपर्यंत त्यांच्या ओव्हनला उसंत नसते. सोमवार ते बुधवार कोल्टच्या खोलीवर अकरा ट्रे पोचले: चिकन-नूडल्सचे चार, बटाटे-चीजचे पाच, आणि त्या हिरव्या जेलीचे दोन, ज्यात किसलेलं गाजर का घालतात हे मला पंचावन्न वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. आर्डिथला इस्पितळात दोन ट्रे गेले. त्यातला एक मी नेला. दुसरा कोल्टकडे जागा उरली नाही म्हणून परत आलेला होता. झाकणावर 'लवकर धावायला लाग, वाघा!' असं लिहिलेलं होतं. धावायला! कंबर तडकलेल्या बाईला! ती हसली आणि म्हणाली, बटाटे छान झालेत. मला तिथे रडता आलं नाही म्हणून मी खिडकीचा पडदा नीट केला.

कोल्ट आता आठवडाभर लंगडत होता. लंगडणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याचं त्याने बसवलं होतं आणि वाईट बसवलं होतं. सोमवारी जेवणघरात उजवा पाय ओढायचा, मंगळवारी वर्गात डावा. वर्तमानपत्राचा फोटोवाला आला तेव्हा गडबडीत दोन्ही ओढत चालला. कुणाच्या लक्षात येऊ नये? प्राध्यापक, पत्रकार, शेरीफ, पाद्री, सगळ्यांना डोळे आहेत. पण जो पोरगा गेल्या वर्षी चौदा वेळा चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेला, त्याच्या पायांकडे बघताना आपल्या गावाचे डोळे आपोआप मिटतात. मला या गावाची लाज वाटते. यात मी स्वतःलाही धरते.

शनिवारचा सामना तू पाहिलासच (कुठून पाहिलास, त्याकडे मी नंतर येते). बक्नरसरांची रीत तुला ठाऊक आहे: पोराला शिक्षा करायचीच झाली तर ती अशा सामन्यात करायची, जिथे समोरचा संघ हरायलाच येतो. त्यासाठी वर्षारंभी ब्लेसिंग हिल कॉलेजला बोलावतात. ते पाद्री घडवणारं कॉलेज, तिथली मुलं टक्कर दिल्यावर आधी 'लागलं का?' विचारतात. त्यांचा चेंडू फेकणारा चष्मा लावतो. कोल्ट बाकावर बसणार, आपण पन्नास गुणांनी जिंकणार, शिक्षा भोगून झाली, पुढच्या शनिवारी पोरगा धुतल्या तांदळासारखा. पण त्या दिवशी चष्मेवाल्याला काय संचारलं देव जाणे. मध्यंतराला ते सतरा, आपण तीन. स्टेडियम असं गप्प की जाहिरातीच्या फलकाची दोरी वाजत होती ती ऐकू यावी. आणि मध्यंतरानंतर खेळाडू बाहेर आले, तर सगळ्यांत पुढे बत्तीस नंबर. हेल्मेट घालून. उड्या मारत! पाय बरा झाला होता, दादा. सतरा-तीनने बरा झाला होता. आपल्या चर्चच्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. प्रार्थना इतक्या लवकर फळल्याचं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पाद्रीसाहेबांनी आकाशाकडे हात जोडले. कोल्टने तीन वेळा रेषा ओलांडली, आपण जिंकलो, आणि त्या चष्मेवाल्या पोराने शेवटी येऊन त्याला विचारलं म्हणे, "आता पाय कसा आहे?" एवढ्या मोठ्या मैदानात चौकशी करणारा तो एकटाच निघाला.

चौकशीचंही सांगते. काल मी बक्नरसरांना सरळ विचारलं, "सर, आर्डिथचं पुढे काय?" तर म्हणाले, "कायद्याचं काम चालू आहे, विल्डाबाई. शेरीफचा निष्कर्ष येईपर्यंत आम्ही कोणाला दोषी धरत नाही. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे." सुट्टीत शेरीफकडे गेले. तो म्हणाला, "कॉलेजने आतली चौकशी लावलीय, विल्डा. ती पुरी झाल्याशिवाय मी मध्ये पडणं बरं दिसत नाही. आणि समजा कोल्टची असली तरी गाडी कुठाय? गाडी दाखव, मी आत्ता उठतो." हा त्याच्यासाठी थांबलाय, तो ह्याच्यासाठी थांबलाय, आणि थांबायला सांगितलं होतं तेव्हा जो थांबला नाही तो शनिवारी उड्या मारतोय. आर्डिथचा डॉक्टर म्हणतो, काठीशिवाय ती आता चालणार नाही. शाळेसमोर सध्या प्लास्टिकचा शंकू ठेवलाय.

असो. इकडे हवा कोरडी आहे. गुडघ्याला जप, वहिनींना माझा नमस्कार, मुलींना गोड पापा.

तुझी,
विल्डा

ता.क. वहिनींना सांग, त्यांनी मागितलेली भोपळ्याच्या पायची (हा पाय खायचा) कृती सोबत जोडली आहे. दालचिनी त्या नेहमी जास्त घालतात.

ता.क. दुसरा. सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला, खेळाडूंच्या बाकाशेजारी उभं राहायचा पास तू माझ्याकडे अकरा वर्षं मागतो आहेस. अकरा वर्षं मी सांगते आहे की ते पास माझ्या हातात नाहीत, ते सर स्वतः ठरवतात, मी फक्त यादी टाइप करते. गेल्या शुक्रवारी त्यांनी यादी दिली. तळाशी, स्वतःच्या हाताने, दोन नावं वाढवलेली: ऑर्व्हिल थार्प, मॅव्हिस थार्प. मला आधी आनंद झाला, दादा. इतकी मी मूर्ख. तुझा वाढदिवस आहे की काय, म्हणून कॅलेंडर पाहिलं. मग वहिनींचं फोनवरचं आठवलं, की गाडीखाली नसलास तर तू विचिटाला गेलेला असतोस, तिथे लाल रंगाची कुठलीशी जुनी छटा मिळते म्हणून. आणि मग मी टेबलाच्या काचेवरचा पार्किंगचा तक्ता पाहिला. कोल्टची सात नंबरची जागा त्या गुरुवारपासून रिकामी आहे. शनिवारी तुला बाकाजवळ पाहिलं. नवी टोपी होती. मला बघून तू हात केलास. मी केला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

तेव्हा विनंती एवढीच: कोल्टच्या गाडीच्या पुढच्या बंपरला हात लावू नकोस. लावला असलास तर जुना बंपर भंगारात टाकू नकोस. पत्र तुला गुरुवारी मिळेल. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत हायवे पोलिसांना फोन कर (ओडमला नको, तो शनिवारी तुझ्याच शेजारी उभा होता). खोडाखोडीचा तो पिवळा कागद सरांनी टोपलीत टाकला होता. तो आता माझ्या पर्समध्ये आहे आणि शुक्रवारी बारा वाजता मी आणि पर्स दोघी तिकडे जाणार आहोत. गाडी कुठे आहे तेही मी सांगणार. तू आधी गेलास तर मी तुझी बहीण म्हणून मागून येईन. नाही गेलास तरी येईन, पण बहीण म्हणून नाही.

ता.क. तिसरा. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. आत्ता इस्पितळातून आले. आर्डिथला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. चर्चची यादी मात्र तिच्या उशाशी आहे आणि पडल्या पडल्या ती रोज सगळ्यांसाठी प्रार्थना करते, पहिल्या नावापासून. मला विचारत होती, "विल्डा, त्या कोल्टचा कुठला पाय गं दुखावलाय? नुसतं 'पाय' म्हणायला मला बरं वाटत नाही." निवेदन केलं, छापलं, गावभर वाटलं, पण पाय कुठला हे ठरवायचं आम्ही विसरूनच गेलो होतो. मी म्हटलं, डावा. तिचा मोडलाय तो डावाच आहे.