बेलापूरचं मशीन

शेवगाव,
दि. १७ नोव्हेंबर १९९६

प्रिय शुभांगी,
सप्रेम जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. दुसरं तू भांडायलाच लिहिलंयस, ते पाकिटावरच्या अक्षरावरूनच कळलं. इकडे सगळे बरे आहेत. थंडी चांगलीच पडलीय, सासूबाईंचे गुडघे धरलेत. तुला बघायला आलेल्या त्या मुलाचं पुढे काय झालं ते काही तू लिहिलं नाहीस. नापास केलास वाटतं.

नगरला आमच्यासाठी बघून ठेवलेल्या खोलीत राहायला कधी येताय, असं विचारलंयस. सांगते. त्याआधी मशीनचं ऐक, तुझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे रंगनाथमामा, तुला आठवत असतील. लग्नात तू त्यांना फेटा नसलेला फौजदार म्हणाली होतीस. तुझ्या कंपनीत मला टर्नरची आणि ह्यांना फिटरची जागा मिळतेय हे कळल्यावर फौजदारांनी जेवणच टाकलं. रुसून बसले. मग एका सकाळी जाहीर केलं, दुकानासाठी जुना लेथ घ्यायचा. पंपांच्या मोटारी आपण दुरुस्त करतो आणि शाफ्ट मात्र कातायला बाहेर पाठवतो, हे किती दिवस चालायचं? आता अडवण्याची तऱ्हा बघ. म्हणाले, "सूनबाई आयटीआय झालेली हाय. तिनं मशीन बघायचं. ती घ्या म्हणली तर घ्यायचं आन् तुमी दोघांनी हितंच ऱ्हायचं. न्हाई म्हणली तर खुशाल नगरला जा, मी आडवा यायचा न्हाई."

आम्ही दोघं मनातून खूश. हे म्हणाले, सोपं आहे, कुठलंही मशीन दाखवू दे, तू नापास कर. मी कबूल केलं.

पहिल्या दोन मशीनना तर खोटं बोलायची वेळच आली नाही. एकाचा खालचा लोखंडी बेड चकजवळ इतका झिजलेला की बोटाला खळगा लागत होता. दुसऱ्याचे गिअर गिरणीसारखे ओरडत होते. मग कुणीतरी बेलापूरचा पत्ता दिला. तिथले आसाराम मिस्त्री दृष्टी अधू झाली म्हणून वर्कशॉप बंद करत होते. त्यांनी वरचं गोणपाट काढलं आणि शुभांगी, मी बघतच राहिले. बेडवर ओरखडा नाही. आपले सर म्हणायचे, आधी बोट फिरवा, मग डायल लावा. बोट फिरवलं. डायल लावला, तर काटा जागचा हलेना. चकात सळई धरून बारीक कट घेतला, दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावला. माप सारखं! आपण शिकलो ती आयटीआयमधली नवी मशीनंसुद्धा इतकी खरी चालत नव्हती.

मामा, आसाराम मिस्त्री आणि हे, तिघं माझ्याकडे बघत होते. हे तर गालात हसत होते, कारण उत्तर ठरलेलंच होतं. आणि मी म्हणाले, "मामा, असं मशीन परत मिळायचं नाही. घ्या."

बोलून गेले. जीभ चावली, पण मामांनी तोवर मिस्त्रींचा हात हातात घेतला होता. येताना टेम्पोत पुढे जागा असूनही हे मागे मशीनशेजारी बसून आले. त्यानंतर कामापुरतंच बोलायचे, हातोडी दे, पाना दे.

मशीन ठेवायला दुकानामागची आमचीच खोली तेवढी होती. आमची खाट होती तिथेच पाया खणून काँक्रीट ओतलं, बोल्ट गाडले. मी म्हणेन ते मामांनी आणलं, चार जबड्यांचा चक, टूलं, चांगला दिवा. लेव्हल लावायला आम्ही अख्खा दिवस घेतला आणि मामा जागचे हलले नाहीत. धम्मचक्र दिनाला बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून मशीन सुरू केलं. बाहेर माझ्या नावाची पाटीही लागली, जयमाला इंजिनिअरिंग वर्क्स. मामा रडले. माणूस दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं गं.

आता आम्ही मधल्या घरात झोपतो, मामांच्या खाटेपलीकडे, साडीच्या पडद्याआड. गिऱ्हाइकं लांबून येतात. मामा त्यांना खुर्चीत बसवून माझं काम दाखवतात. मागे मी आईला भेटायला भिंगारला जाते म्हटलं, तर म्हणाले, मशीन बंद ठेवून कसं जमायचं, आईलाच इकडे आणू. आणि खरंच टेम्पो पाठवून आईला आणलं. आईला वाटलं, लेकीनं नशीब काढलं. मी तिला चहा करून दिला आणि पुन्हा मशीनवर उभी राहिले.

खरं सांगू? कट लागला की मला बरं वाटतं. मशीन बंद केलं की गुदमरायला होतं. दोन्ही खरं आहे, आणि मला दोन्हीचा राग येतो.

परवा मामा बाजारला गेले होते. चक बदलायचा होता. चक उतरवताना बेडवर फळी ठेवतात, हे तुला काय सांगायचं. चकाचं तेवढं वजन निसटून बेडवर पडलं, तर मशीन कायमचं बाद. मी फळी ठेवली नाही. समोर कोपऱ्यात उभी होती, तरी ठेवली नाही. चक पेलायला हे आले. शेवटचे आटे राहिले तेव्हा त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे.

मी म्हणाले, "सोडून द्या."

शुभांगी, तेवढंच करायचं होतं. मशीन गेलं असतं आणि आम्ही सुटलो असतो. हात निसटला म्हटल्यावर कुणी काही बोललं नसतं. ह्यांनी चक परत आवळून घेतला, फळी आणली, बेडवर नीट सरकवली आणि म्हणाले, "आता काढ."

मी रडत रडत आटे सोडले. ह्यांनी चक पोटाशी धरून हलकेच उतरवला. बेलापूरला मी 'घ्या' का म्हणाले, हे ह्यांना त्या वेळी कळलं असावं. संध्याकाळी ह्यांनीच मामांना सांगून टाकलं, आम्ही नगरला जात नाही. आता माझ्याशी पहिल्यासारखं बोलतात. घरात सगळे खूश आहेत.

तेव्हा खोली दुसऱ्या कुणाला तरी दे. माझी जागाही. समजूत घालायला इकडे येऊ नकोस. आलीस तर मशीन बघितल्याशिवाय राहणार नाहीस, आणि बघितलंस की तूही चांगलंच म्हणशील. मग मी भांडू कुणाशी?

मामा आत्ताच डोकावून गेले. म्हणाले, मैत्रिणीला कळव, सून लई सुखात हाय म्हणून.

कळवलं.

तुझी,
जयमाला