ओल्या लाकडाची चिठ्ठी

कन्हान,
४ एप्रिल १९७३

प्रिय जयवंता,

पाकिटावर पाठवणारीचं नाव सुभद्रा असं आहे, ते खोटं आहे. तिला विचारूनच टाकलं, पत्ताही तिनंच लिहून दिला, कारण माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडता चुलीत घातलं असतंस. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. सोमवारी, नऊ तारखेला, तुमचा राज्यशास्त्राचा पहिला पेपर आहे, आणि तू महिना झाला सावनेरला जाऊन बसली आहेस. खोलीतल्या मैत्रिणीला, सुभद्राला, तू कळवलंस की परीक्षा देणार नाही आणि कारण विचारू नको. वसतिगृहातल्या पोरी म्हणतात तुझं लग्न ठरलं. लहानू म्हणाला, तू माझ्या भीतीनं पळालीस. हे ऐकून मी त्याची कॉलर धरली होती, मग सोडली. सोडली हे मुद्दाम सांगतो. सांगण्यासारखं हल्ली एवढंच केलं आहे.

इकडची हकीकत अशी की ऊन आतापासूनच डोकं फोडून राहिलं. फायनलची पोरं ओला दुपट्टा बांधून लायब्ररीमागच्या कडुनिंबाखाली पाठांतर करतात, आणि दोन प्रश्न झाले की पुढं काय, हा तिसरा प्रश्न निघतो. कोणी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढून आला, कोणी बी.एड.चा फॉर्म मागवला. लहानूच्या बापानं सांगितलं, नापास झालास तर खाणीत कोळसा भरायला लावतो, तेव्हापासून लहानू गेस पेपरला रोज अगरबत्ती दाखवतो. ग्रुप फोटोत तुझी जागा ठेवली होती, फोटोवाल्यानं सुभद्राला सरकवून भरून घेतली. विश्वनाथ आहे फोटोत. प्लास्टरचा हात त्यानं पाठीमागं घेतला, पण गळ्यातली झोळी दिसते. भंडाऱ्याच्या एका शाळेनं त्याला सांगितलं आहे, या साली बी.ए. झालास तर जूनपासून ये. पुढच्या साली ती जागा राहायची नाही.

मागच्या सालाचं तुला माहीत आहे, तरी माझ्या तोंडून कधी ऐकलं नाहीस. सेकंड इयरच्या गॅदरिंगला तुझ्यावर तो घाण फिशपॉन्ड पडला, तुझ्या गँगमन बापाच्या हातोड्यावरून, आणि अख्खा हॉल हसला. तू मान खाली घातलीस. मी स्टेजवर चढलो, वाचणाऱ्याच्या हातातून चिठ्ठी ओढली आणि अक्षर ओळखलं. मागच्या बाकावरच्या त्या पोराच्या पाठीत खुर्ची घातली. खुर्चीचा पाय तुटला तरी उरलेल्या खुर्चीनं मारत राहिलो. मला बरं वाटत होतं, जयवंता. खोटं कशाला लिहू? प्राचार्यांनी माझ्या वडिलांना बोलावून सांगितलं, पोराला गुपचूप घेऊन जा, नाहीतर पोलिसांत देतो. तसा मी कॉलेजातून निघालो आणि कन्हानच्या लाकडाच्या टालीवर कुऱ्हाड धरली. तू दोनदा भेटायला आलीस. तिसऱ्यांदा म्हणालीस, "आधी हात आवर, मंग माझ्याशी बोल." मी हसलो होतो. माझा हात तुझ्यासाठीच उठतो, हे तुला आवडतच असेल असं मी धरून चाललो होतो.

या साली निरोपसमारंभाच्या दुसऱ्या दिवशी लहानू टालीवर आला. वाचून झालेल्या फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या पोरांनी आठवण म्हणून वाटून घेतल्या होत्या, तुझ्यावरची त्यानं माझ्यासाठी आणली. "जयवंता: बी.ए. नंतर काय? कन्हानचं ओलं लाकूड. धूर फार, जाळ कधी?" लहानू हसत होता. मी अक्षर पाहिलं. दोन वर्षं विश्वनाथ आणि मी त्याच्या घरी एका खोलीत राहिलो, त्याच्याच नोट्स उतरवून मी पास झालो, त्याचा गाठ मारल्यासारखा ळ मी झोपेत ओळखला असता. ज्याच्या ताटात जेवलो त्यानं मला ओलं लाकूड म्हणावं, आणि तेही तुझं नाव लावून, भर हॉलमध्ये. पुढचं मला सलग आठवत नाही. कुऱ्हाडीचा दांडा काढून घेतला, सायकल मारत नागपुरात सदरला गेलो. विश्वनाथ शाईची दौत घेऊन दुकानातून उतरत होता. पहिला दांडा खांद्यावर बसला. दौत फुटली, शाई त्याच्या सदऱ्यावर पसरली. दुसरा डोक्यावर पडायचा म्हणून त्यानं उजवा हात वर घेतला. ते हाड मोडलेलं मी ऐकलं. माझं रोजचं कामच लाकूड फोडायचं, तो आवाज मला नवा नव्हता, आणि तरीही मी थांबलो नाही. तो खाली पडल्यावर एवढंच म्हणाला, "अक्षर माझं हाय गा, बोल माझे नाहीत." मी विचारलं, मग कोणाचे? तो बोलला नाही. आणखी एक घातला. तरी बोलला नाही. मग लोकांनी मला धरलं.

चार दिवसांनी त्याचा मामा चंपतराव तीन माणसं घेऊन टालीवर आला. पोलिसांत त्यांनी तक्रार दिली नव्हती, ती कसर इथं काढली. मी एकाच्या मनगटाला चावलो, एकाला ओंडक्यावर ढकललं, पण चौघे होते. त्यांनी मला भुशात पालथा घालून लाथांनी तुडवलं. समोरचे दोन दात गेले, बरगडी अजून श्वास घेताना टोचते. मी पडल्या पडल्या त्यांना शिव्या देत होतो आणि विश्वनाथलाही देत होतो. तेव्हा ओंडक्यांमागं दडून सगळं पाहणारा लहानू घाबरत घाबरत पुढं आला आणि म्हणाला, एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मी त्या पोराला खुर्चीनं मारलं तेव्हापासून कॉलेजानं नियम केला, की पेटीतल्या सगळ्या चिठ्ठ्या एकाच माणसानं एकाच अक्षरात उतरवायच्या, म्हणजे अक्षरावरून कोणी कोणाला मारणार नाही. यंदा ते काम विश्वनाथकडे होतं. माझ्यासाठीच तो नियम झाला, जयवंता, आणि तो एकट्या मलाच माहीत नव्हता.

रक्ताळलेल्या तोंडानं तसाच त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या आईनं, बायजाबाईनं उघडलं. चंपतरावाच्या सगळ्या लाथा एकीकडे आणि त्या माउलीची एक थापड एकीकडे. मग तिनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं ते असं. डॉक्टर म्हणतात प्लास्टर एप्रिलअखेर निघेल. लेखनिक घ्यायला परवानगी आहे, पण तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला पाहिजे. खालच्या वर्गातल्या पोरांची त्याच दिवसांत परीक्षा. ओळखीत एक तर बी.ए. झालेले, नाहीतर अंगठा उठवणारे. बी.ए.च्या अर्ध्यातून उठलेला आणि तरी मराठी धड लिहिणारा, असा माणूस तिला नागपुरात एकच माहीत होता. "मारतानी हात दुखला नाही तुया," ती म्हणाली, "आता लिवतानी दुखू दे." विश्वनाथ आतून सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं वही समोर टाकली आणि सांगायला सुरुवात केली. प्राचार्यांनी अर्जावर सही केली, वर एक सुपरवायझर आमच्याच खोलीत बसेल असं लिहिलं. तेव्हापासून टाल सकाळी, कॉलेज दुपारी. तो बोलतो, मी लिहितो. चुकलो की तो डाव्या हातानं टेबल ठोकतो. मला राग येतो, टाक मोडावासा वाटतो. मग गळ्यातली झोळी दिसते आणि मी ओळ पुन्हा लिहितो.

गेल्या शुक्रवारी त्यानं मला राज्यशास्त्राची हिरवी वही काढायला सांगितली. तिच्यातून एक चिठ्ठी पडली. मूळ चिठ्ठ्या उतरवून झाल्या की जाळायच्या असतात, त्यानं बाकीच्या जाळल्या आणि ही एक ठेवली. तीच ओळ. ओलं लाकूड, धूर फार, जाळ कधी. शब्दाच्या डोक्यावरची रेघ अर्ध्यात सोडायची तुझी सवय मला तुझ्या सतरा पत्रांतून पाठ आहे. खरं सांगतो, त्या क्षणी तू समोर असतीस तर माझा हात उठला असता. विश्वनाथनं ते ओळखलं आणि तुटक्या हातानिशी दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, तो फिशपॉन्ड तूच स्वतःवर टाकलास, दुसऱ्या कोणी घाण टाकायच्या आधी. माझ्यावरून टाकलास, कारण माझा उल्लेख तुला एकदा सगळ्यांसमोर ऐकायचा होता. दवाखान्यात येऊन तू त्याचा हात पाहिलास, कोणाला सांगू नको अशी शपथ घातलीस आणि दुसऱ्या दिवशी गावाला गेलीस. मग तो म्हणाला, "तिले वाटते, माहा हात तिनं मोडला."

मी भिंतीवर डोकं आपटलं. तोही माझाच राग होता, काढायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. तू जे स्वतःला लावून घेतलं आहेस ते तुझं नाही. चिठ्ठी तू लिहिलीस, उतरवली विश्वनाथनं, पण दांडा मी आणला, आणि तू आधी हात आवर म्हणालीस तेव्हा हसणारा मीच होतो. तुला शिक्षा भोगायचा हक्क नाही, तो माझा आहे, आणि मी तो सोमवारपासून रोज तीन तास बसून भोगणार आहे. तुझे वडील धोंडबाकाका रेल्वेच्या प्रत्येक गार्डाला सांगत फिरतात की आपली पोरगी बी.ए. होऊन राहिली. त्यांना तू काय सांगितलंस? तुझं प्रवेशपत्र सुभद्रानं ऑफिसातून काढून ठेवलं आहे, फक्त तुझी सही बाकी आहे. रविवारी सकाळच्या छोट्या गाडीनं ये. इतवारीच्या स्टेशनावर ती उभी राहील, विश्वनाथही येतो म्हणाला. त्याला पाहून रडू नको, तो आता चिडायला लागला आहे त्या रडण्याला. तुमचा मोठा हॉल आहे, आमची खोली मागच्या अंगाला ऑफिसाजवळ. तुझा पेपर सुटून तू फाटकाबाहेर जाईपर्यंत मी त्या खोलीतून उठणार नाही, हे मी सुपरवायझरला लिहून दिलं आहे. आणि स्टेशनावर मी येणार नाही.

तुझाच, तुला नको असलो तरी,
चंद्रभान