बावीस सह्या आणि तेविसावी जागा

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा होड्या बांधणे व दुरुस्त करणे, राहणार काठावरच्या रस्त्याचे शेवटचे घर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो. डॉक्टरांनी तसा दाखला जोडला असून त्यात हाताचाही उल्लेख केला आहे, कारण ते फार प्रामाणिक आहेत. मला कोणी धाक घातलेला नाही की भुलवलेले नाही. भुलवायचे ते काम आधीच उरकले आहे. त्याबद्दल कलम तीन पाहावे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी कारखाना धाकट्या भावाच्या नावे केला होता. ते मृत्युपत्र या कागदाने रद्द झाले.

१. राहते घर मुलीला. बाळ, वरच्या मजल्यावर तुझे काका-काकू राहतात. त्यांना बाहेर काढू नकोस. ही अट नाही, नुसते सांगणे आहे. पुढे तुझे मन काय म्हणेल ते तुझ्यापाशी.

२. रंधे, करवती, पटाशा आणि फळ्या वाकवायची वाफेची पेटी मिस्त्रीला. सव्वीस वर्षे त्याने माझी बोलणी खाल्ली आणि माघारी माझी नक्कल केली. मला ती फळीच्या भिंतीतून ऐकू यायची. चांगली करायचा.

३. आता कारखान्याची जागा. हे जरा सविस्तर लिहावे लागेल.

अठराव्या वर्षी मी एका पिशवीनिशी या गावात उतरलो. पाठोपाठ धाकट्याला आणले. त्याला शिकवले, कोट शिवून दिला, कचेरीत चिकटवला. पुढे पूल झाला, होड्यांची ये-जा आटली, काठावरच्या दुकानांना कुलपे दिसू लागली. काठ नव्याने उभा करायची योजना आली तेव्हा सगळ्यांच्या आधी मी उडी मारली. समिती झाली, धाकटा तिचा चिटणीस. दुकाने पाडून नवी बांधायची, मधून फिरायचा रस्ता, एक ओळ पाण्याला लागून, एक मागे. आमच्या बावीस दुकानदारांना पाण्याकडची ओळ, असे ठरले.

नकाशा माझ्या कारखान्यात लावला. त्यावर दोन ओळी होत्या आणि मध्ये रस्ता. बावीस जणांची नावे खालच्या ओळीत. नदी काढलेली नव्हती. आम्ही काठावरची माणसे खडूने जमिनीवर आराखडा काढतो तेव्हा पाणी नेहमी आपल्या पायाशी धरतो. उतार तसाच असतो, होडी तशीच सुटते. त्यामुळे खालची ओळ ती पाण्याकडची, यात कोणाला शंका आली नाही. दोरखंडवाला सोडून. त्याने अकरा दिवस सही अडवली.

"अहो, पण नदी कुठंय यात?" तो भर बैठकीत म्हणाला.

मी धाकट्याकडे पाहिले. "काय रे, नदी खालीच ना?"

"मग काय दादा, डोक्यावरून वाहणारे का?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी. दोरखंडवाल्याने मान खाली घालून सही केली. शिंपीणबाईंनी तर नकाशाकडे बघितलेही नाही. "तुम्ही म्हणताय ना भाऊ? मग आणा इकडे पेन."

बैठक बोलावणाऱ्याने सही शेवटी करायची, असा आमच्यात रिवाज आहे. म्हणून तेविसावी, माझी, राहिली होती.

त्याच आठवड्यात मी न्हाव्याच्या खुर्चीत तोंडावर गरम टॉवेल घेऊन पडलो होतो. शेजारच्या खुर्चीत योजनेचा ठेकेदार येऊन बसला. टॉवेलखाली कोण आहे हे त्याला दिसले नाही. तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, "नदी वरच आहे हो, कागदावर. ही लोकं पाणी खाली धरतात, हे म्हाताऱ्याच्या भावानंच सांगितलं. म्हणून तर त्यांच्या प्रतीवरून नदी पुसली. वरची अख्खी ओळ आपली, कोपऱ्याचा गाळा त्याच्या बायकोचा."

न्हाव्याचा पट्ट्यावर फिरणारा वस्तरा थांबला. मी टॉवेल काढला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत मूळ नकाशा पाहिला. नदी वर, निळीशार. बावीस दुकाने मागे, गटाराच्या बाजूला.

बावीस सह्या माझ्या शब्दावर झाल्या. त्या आता कागदावरून पुसता येत नाहीत, वकिलांनी दोनदा सांगितले. पण योजनेतल्या पाण्यात उतरायच्या पायऱ्या फक्त माझ्या कारखान्याच्या उतारावरूनच निघू शकतात. ही जागा हाती आल्याशिवाय एक वीटही पाडता येणार नाही, आणि ही जागा मी गेल्यावर आपोआप चिटणीसांकडे येणार, असा सगळ्यांचा हिशेब होता.

म्हणून: कारखान्याची जागा, उतारासह, त्या बावीस जणांना समाईक. नवा नकाशा निघून त्यांची दुकाने पाण्याकडे आली तर त्यांनी ती योजनेला खुशाल द्यावी. काठ उभा राहावा ही माझी इच्छा आजही आहे. तसे झाले नाही तर जागा विकू नये, भाड्याने देऊ नये, तिथे होड्या ओढाव्यात. एकाचा जरी नकार असला तरी व्यवहार होणार नाही. बँकेतली शिल्लक त्यांच्या वकिलासाठी.

४. माझी हातांची खुर्ची दोरखंडवाल्याला, मी भर बैठकीत त्याला हसलो त्याबद्दल. त्याने मला एकदा ओला दोर कोरडा म्हणून विकला होता, तेही मी विसरलेलो नाही. पण खुर्ची त्याचीच.

५. धाकट्याला काही नाही. मूळ नकाशा पाहिल्यापासून पाच आठवडे, तो आपणहून सांगेल म्हणून, मी रोज सकाळी त्याच्यासमोर बसून चहा घेतला. तो साखर ढवळत हवापाण्याचे बोलत राहिला.

६. वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचे नाही त्याचीच साक्ष चालते. त्या हिशेबाने धाकट्याइतका लायक साक्षीदार गावात दुसरा नाही. बावीस जणांच्या सह्या मी त्यांना नीट वाचायला न लावता घेतल्या. याची तशी घेणार नाही. हा कागद त्याने डॉक्टरांसमोर पहिल्यापासून इथवर मोठ्याने वाचावा, मगच सही करावी.

नंतर लिहिलेले: त्याने वाचला. कलम तीनला एकदा पाणी मागितले, मिस्त्रीने दिले. वाचून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाला, "दादा, हे रजिस्टर झालंय?"

मी म्हणालो, "उद्या सकाळी."

मग त्याने पेन मागितले. तो आणखी काही बोलला तर ते लिहायला मी इथे दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. कागदात कोरी जागा असू नये म्हणून त्यांवर आडवी रेघ मारली आहे.

————————————
————————————

लिहून देणार: (सही) होडीवाला
साक्षीदार १: (सही) डॉक्टर
साक्षीदार २: (सही) लिहून देणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ
ठिकाण: होड्यांचा कारखाना
दिनांक: चौदा, महिना नववा