बागेतली तार

१२ फेब्रुवारी, बुधवार

दूधवालीच आली सगळ्यात आधी! गवंडी नाही, वेल्डर नाही, सकाळी लवकर या म्हणून ज्यांना बजावलं होतं त्यातलं कुणीच नाही. ही मात्र किटली घेऊन हजर. दूध कमी, बातम्या जास्त. म्हणे, "आजी, आलात खऱ्या राहायला, पण या घरात पूर्वी एक बाई असायची. तिन्हीसांजा झाल्या तरी दिवा लावायची नाही! अंधारात घरभर फिरायची. माझी सासू या वाटेने पाऊल टाकायची नाही." मी म्हटलं, चेटकीण असती तर मंत्र मारून छप्पर नसतं का नीट केलं? गळतंय बघ किती! हसत हसत गेली.

लेकीने आणि जावईबापूंनी हे घर घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, डोकं फिरलंय दोघांचं. गावाबाहेर, चहूकडे रान, कित्येक वर्षं कुलूप. मी परवा आले आणि दारातच उभी राहिले. खिडक्या दारांएवढ्या! आतली फरशी धुतली तर खालून निळी-पांढरी नक्षी निघाली. मी तिच्यावर चपला घालून चालले नाही. देवळात जावं तशी चालले.

बघून घेते सगळं. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याचा पडदा गेला, उजव्याचाही जाणार. ऑपरेशनाने होण्यातलं नाही. कधी ते त्यांना सांगता येत नाही, मला विचारता येत नाही! मुलगा म्हणतो, घराचं काम होईपर्यंत राहा ताईकडे, मग मी तुला घेऊन जातो. तिथे विहीर, पायऱ्या, तू पडशील. त्याचं खरं आहे. चांगला आहे पोरगा. पण त्याच्या तिसऱ्या मजल्यावर खुर्ची ते पलंग आणि पलंग ते खुर्ची. आंधळी म्हातारी म्हणजे घरातलं एक सामानच की!

लेक म्हणते, आई, तू बोलून बोलून कामवाल्यांना अडवतेस, त्यापेक्षा लिही. तिनेच ही वही दिली. चौथीत शाळा सुटली ती सुटली. अक्षर म्हणजे कोंबडीने माती उकरलेली. पण कोण बघतंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गवंड्याने भिंती खरवडल्या. चुन्याचे थरावर थर. मला हाक मारली, "आजी, हात फिरवून बघा." बघितलं तर घरात एकाही कोपऱ्याला धार नाही! सगळे गोल, लोण्याच्या गोळ्यासारखे. म्हणाला, "एवढी मेहनत कुणी कशाला घेतली असेल? मी इतकी घरं केली, असं कुठे पाहिलं नाही."

आणि आतल्या एकाही दाराला उंबरठा नाही. सुताराने विचारलं, बसवून देऊ का? मी आधी हो म्हणणार होते. उंबरठ्याशिवाय घर म्हणजे काठाशिवाय लुगडं. पण म्हटलं राहू दे बाबा, पाय अडतो माझा हल्ली.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाग सापडली! इतके दिवस ते नुसतं काटेरी रान होतं. आज झुडपं तोडली आणि खालून वाट निघाली. विटांची, वळणावळणाची, परसदारापासून थेट विहिरीपर्यंत. वाटेच्या कडेने लोखंडी खांब, आणि खांबांवरून कमरेइतक्या उंचीवर जाड तार. तारेला मधूनमधून पितळेच्या गाठी ठोकलेल्या.

जावईबापू विचारात पडले. मी म्हटलं, अहो, त्यात काय! कपडे वाळत घालायची तार आहे ही. उतार आहे ना, ओली लुगडी घसरून एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून गाठी. काय डोकं चालवलंय बाईने! लगेच चादरी घातल्या. एकही घसरली नाही!

झाडं मात्र अजब. जाई, मरवा, पुदिना, गवती चहा, लिंबू. लाल-पिवळं काही म्हणून नाही. जावईबापू म्हणाले, "लावणाऱ्याला रंगाची हौस दिसत नाही." असेना. पण वारा आला की मी उभी राहते. दर वळणावर वास बदलतो! कुणीतरी पदर बदलून समोर यावं तसा. कसं सुचलं असेल?

४ मार्च, मंगळवार

जाईला कळी. एकच. बघत बसले, चहा गार झाला.

११ मार्च, मंगळवार

भोपळ्याचा वेल सुटलाय, मांडव हवा. मी वेल्डरला म्हटलं, ती तार खांबांसकट काढ आणि मांडव कर. तो म्हणाला, "आजी, पक्कं काम आहे, काढवत नाही." मी म्हटलं, कपड्यांना गच्ची आहे. भोपळ्याला कोण आहे? कटकट करत तुकडे केले त्याने. मांडव झाला झक्क.

मुलाचा फोन. रंगकाम संपलं की न्यायला येतो. बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

कालपासून उजव्या डोळ्यापुढे धूर येतो नि जातो. कुणाला बोलले नाही.

२३ मार्च, रविवार

आजचं लिहायलाच हवं.

दुपारी फाटकाशी गाडी थांबली. एक म्हातारा, एक म्हातारी, भाऊ-बहीण. माझ्याहून थोडे मोठेच. "आम्ही या घरात जन्मलो. नुसतं बघून जातो." मी म्हटलं, नुसतं कसलं, चहा घेतल्याशिवाय सोडते की काय!

बहीण प्रत्येक कोपऱ्यावरून हात फिरवत गेली. भाऊ तडक परसदाराला. तिथे त्याने डोळे मिटले. उजवा हात पुढे केला. हात हवेत. पुन्हा चाचपडला. पुन्हा हवेत.

"तार कुठे गेली?"

मी म्हटलं, भोपळ्याला.

मग बहिणीने सांगितलं. त्यांच्या आईला तरुणपणीच दिसेनासं झालं. डोळे गेले तसं वडिलांनी घर बदललं. कोपरे गोल केले, कपाळाला लागू नयेत म्हणून. उंबरठे काढले. तार ओढली. एक गाठ म्हणजे पुढे पायरी. दोन म्हणजे वळण. तीन म्हणजे विहीर, थांबायचं! आणि झाडं आईने स्वतः निवडली. पुदिन्याचा वास आला की डावीकडे ओटा. मरवा आला की बसायचा दगड. जाई म्हणजे घर जवळ आलं.

दिवा कशाला लावेल ती? तिला काय गरज!

महिनाभर मी या बाईच्या बागेत फिरतेय. तिने माझ्यासाठी सगळं मांडून ठेवलं होतं आणि मी त्यावर चादरी वाळत घातल्या! तसं बोलूनही गेले. तर बहीण खो खो हसली. "आईसुद्धा घालायची! बाबा ओरडायचे, अगं, धरायचं कुठे मग? ती म्हणायची, ओल्या कपड्याला धरते!"

मग भाऊ मांडवाखाली बसला. डोळे मिटून एकेक तुकडा बोटांनी चाचपला, गाठी मोजल्या. "हा ओट्याजवळचा. हा वळणाचा. हा विहिरीचा." सगळा क्रम लावून दिला. जावईबापू खडूने खुणा करत होते. उतारवयाचा माणूस, पण चेहरा कसा, आईचं बोट धरलेल्या लेकरासारखा.

जाताना म्हणाला, "तार लागली की एकदा चालून जाईन म्हणतो." मी म्हटलं, सहा तारखेला या, रविवार आहे. जाईपण भरात असेल. "नक्की येतो," म्हणाले दोघं.

२७ मार्च, गुरुवार

तार लागली! खांब जुन्याच खड्ड्यांत बसले. वेल्डर म्हणे, "सांगितलं होतं ना, काढू नका!" तोंड आहे की घण? पण जोड असे घासलेत की बोटाला कळत नाहीत, कळतात त्या फक्त गाठी. भोपळ्याला काठ्या दिल्या. तो कुरकुरत नाही.

३० मार्च, रविवार

डोळे मिटून चालते रोज. पहिल्या दिवशी पुदिन्यात बसकण मारली. अंगाला चटणीचा वास! काल विहिरीपाशी तीन गाठी लागल्या आणि थांबले. आत पाणी हलल्याचा आवाज येत होता. इतके दिवस कधी ऐकलाच नव्हता.

लेकीने पाहिलं मला. आज वाटेवरची कुंडी उचललेली होती.

मुलाचा फोन. रंग वाळायचाय अजून, म्हटलं. कसला रंग वाळतोय, कधीच वाळला!

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी उठले, खिडकी दिसली नाही. वाटलं उजाडायचंय. मग दूधवालीची किटली वाजली.

बसून राहिले जरा. रडू आलं, ते येऊन गेलं. मग गोल कोपरा हाताला लागला, त्याच्या मागे मागे परसदार, आणि तार. एक गाठ. पायरी. पुदिना. दोन गाठी. मरवा. विहिरीपर्यंत गेले, पाणी ऐकलं, परत आले. येताना जाई ओंजळभर तोडली आणि लेकीच्या हातात दिली. ती म्हणाली, "अगं बाई, केवढी!" तिला कळलेलं नाही अजून. चहा झाला की सांगते. मुलालाही सांगायचंय, येऊ नको न्यायला, भेटायला ये.

ओळीखाली बोट धरून लिहितेय. अक्षरं एकमेकांच्या अंगावर गेली असतील, जाऊ देत.

पाहुणे रविवारी येणार, सहा तारखेला. पुढे मी चालणार.