खंडेनवमीचा छर्रा

५ सप्टेंबर, शुक्रवार
सकाळी पार्कात फेरी. तिवरांच्या कडेला रानडुकरीण, मागे चार पिल्लं. लोक मोबाइल काढून उभे. मी आल्या वाटेने मागे फिरलो. सिंगापुरात, या पासिर रिसला येऊन सहा वर्षं झाली, इतक्या जवळून डुक्कर आजच पाहिलं. घरी बोललो नाही.
संध्याकाळी नात ईराने सांगितलं, शाळेच्या नेमबाजी क्लबात नाव घातलं. चौदाची आहे. सूनबाई खूश. मला जेवण गेलं नाही.

८ सप्टें., सोम.
ईराला विचारलं, हे डोक्यात आलं कुठून.
"तुमच्यामुळेच. तुम्ही नाही का सांगायचात, बाराव्या वर्षी पहिला ससा मारला?"
सांगायचो खरं. ती लहानपणी जेवत नसे म्हणून. माझ्या वडिलांची, बापूंची, ठासणीची बंदूक. शेत राखायचा परवाना. ससा पडला तेव्हा त्यांनी पाठीवर मारलेली थाप. सगळं रंगवून. डुकराच्या हाक्याचं, रान उठवून केलेल्या त्या शिकारीचं, कधी सांगितलं नाही. गोष्ट सशापाशीच थांबवायचो.

१५ सप्टें., सोम.
इथे शिकवायची रीत वेगळी. पहिले तीन आठवडे छर्राच देत नाहीत. रिकामं पिस्तूल धरायचं, पाय कसे ठेवायचे, श्वास कुठे थांबवायचा. पिस्तूल हवेवर चालणारं, क्लबातच कुलपात. छर्रे मोजून देतात, उरलेले मोजून परत घेतात. ऐकून जरा बरं वाटलं. बापूंनी मला एवढंच सांगितलं होतं, खांद्याला घट्ट लाव, झुडूप हललं की टाक बार. झालं शिक्षण.
घरी भिंतीवर काळा ठिपका चिकटवलाय. पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून धरते आणि त्याच्याकडे बघत राहते. ठिपका नेमका माझ्या खुर्चीच्या वर. खुर्ची सरकवली. सूनबाई हसली.
पोरीचा हात हलत नाही. माझाही हलत नसे.

२४ सप्टें., बुध.
लेकाचा, प्रकाशचा, जहाजावरून फोन. "बाबा, खेळ आहे तो. उगाच काळजी करता." त्यालाही काही माहीत नाही. इथे कोणालाच नाही.
पुढच्या आठवड्यात छर्रे मिळणार. आणि त्याच आठवड्यात खंडेनवमी. गावी बंदूक पुसून, हळदकुंकू लावून पुजायचे. त्या एका वर्षी घरात सुतक होतं, पूजा राहिली. आठ दिवसांनी ते झालं. पूजेचा आणि त्याचा संबंध नसेल. पण मनातून जात नाही.
ईराला म्हटलं, पिस्तूल एक दिवस घरी आण.
"कॅनॉट लाह, आजोबा. नाही आणता येत. पोलीस येतील."
मग म्हटलं, एक छर्रा आण. पुजू, दुसऱ्या दिवशी परत ने. मोजतात हे मला ठाऊक होतं. वर मीच लिहिलंय.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
ईरा शाळेतून आली, कंपासपेटीत टिश्यूत गुंडाळलेला छर्रा. कालच्या सरावातला. ज्वारीच्या दाण्याएवढा, कमरेत आवळलेला. ताम्हणात विळी, कात्री, प्रकाशचा पाना आणि हा. लिटल इंडियातला झेंडू वाहिला. सूनबाई ऑफिसात होती. महिन्यात पहिल्यांदा छाती हलकी झाली.
नमस्कार करून उठताना तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही शिकार का सोडली?"
म्हटलं, नजर गेली.
"किती वर्षांचे होतात?"
तेरा, असं तोंडातून गेलं. माझ्याकडे बघत राहिली.

२ ऑक्टो., दसरा
उठायला उशीर झाला. ताम्हण घासून पालथं. सूनबाईने सगळं निर्माल्य कागदात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या शूटमध्ये, थेट तळमजल्यावरच्या डब्यात जाणाऱ्या नळीत, सोडलं. छर्रा फुलांखाली होता, तिला काय माहीत. सात मजले खाली गेलो. डब्याच्या दाराला कुलूप. झाडूवाल्याने हातानेच दाखवलं, गाडी येऊन गेली.
ईरा बूट घालून शाळेत गेली.

३ ऑक्टो., शुक्र.
शाळेतून सूनबाईला मेल. मंगळवारच्या सरावात एक छर्रा कमी भरला. सगळ्या मुलांना विचारलं. ईरा स्वतःहून उभी राहिली, मी घेतला, हरवला. कशाला घेतलास, तर म्हणे सहज. क्लब बंद. सोमवारी नऊला पालकांना बोलावलंय, प्रकरण वर जाऊ शकतं म्हणे.
सूनबाईने तिला चार वेळा विचारलं. चारही वेळा सहज. प्रकाशला फोन लागत नाही.
नंतर ईरा माझ्या खोलीत आली. दार लोटलं. "आजोबा, तुम्ही काही बोलायचं नाही. मी लहान आहे, मला वॉर्निंग देतील. तुम्ही लाँग टर्म व्हिजिट पासवर आहात. तुम्हाला परत पाठवतील."
असंच बापू म्हणाले होते. तू बोलायचं नाहीस, बार माझ्या हातून सुटला.

४ ऑक्टो., शनि.
लिहून टाकतो. डुकराचा हाका होता. करवंदीची जाळी हलली. मी बार टाकला. जाळीमागे चुलतभाऊ गणू होता, रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांत. पंधरा वर्षांचा. बापूंनी माझ्या हातातून बंदूक काढून घेतली आणि लोक पोचायच्या आत स्वतःच्या खांद्यावर ठेवली. गणू गेला. बापू तुरुंगात गेले. माझी शाळा सातवीत सुटली. काकी, गणूची आई, शेवटपर्यंत मला गणूच्या वाटणीचं वाढत राहिली. मी जेवत राहिलो.

५ ऑक्टो., रवि.
पार्कात गेलो. डुकरीण नाही. वाटेकडेची माती मात्र ताजी उकरलेली.
सूनबाईने भिंतीवरचा ठिपका ओढून काढला. त्याबरोबर रंगही निघाला.
तिला सांगितलं, उद्या मीही येतो. तुम्ही कशाला, म्हणाली. यायचंय, म्हटलं. पांढरा शर्ट इस्त्री केला. पासपोर्ट आणि पास खिशात ठेवले. ईरा दारात उभी राहून बघत होती. मान हलवली, नाही म्हणून. मी शर्टाच्या गुंड्या लावत राहिलो.
इंग्रजी वाक्य दहादा म्हणून पाहिलं. आय आस्क्ड हर. एवढं जमतं. पुढे त्यांनी व्हाय विचारलं तर