ईटच्या खव्याचे दोन अंश

ईट, ता. ६ जानेवारी २०२५

चि. सबिहास बाबामियाँ मामूचा सलाम आणि पोटभर दुआ.

विद्यापीठाचा रसायन व जीवरसायनाचा पुरस्कार तुला मिळाला, ही खबर तुझ्या अम्मीनं, ताहेराआपानं, गल्लीभर पेढ्यांसकट पोचवली. खवा अर्थात आपल्याच भट्टीचा. मंचावर घरचं एक वडीलधारं माणूस लागतं आणि तू माझं नाव दिलंस, हे ऐकून तुझी मुमानी लगेच शेरवानीला इस्त्री करायला बसली.

पण माझ्या भट्टीच्या वहीवरून तू केलेली पुस्तिका मी तीनदा वाचली. खव्याची कढई उतरवायची उष्णता तू ८६ अंश छापलीस. माझ्या वहीत बावीस वर्षं ८८ आहे. आपला थर्मामीटर दोन अंश कमी दाखवतो. उकळत्या पाण्यातसुद्धा ९८ च्या पुढं सरकत नाही. म्हणून मी रोज दोन मिळवून लिहितो आणि तसं पहिल्याच पानावर नोंदवलंय. शाळा आठवीत सुटली, पण आकडा चुकला नाही. दुरुस्ती कर. चुकीच्या आकड्याशेजारी मी उभा राहणार नाही.

वेळेवर जेवत जा, माया आहे तशी राहू दे.

तुझा मामू


पुणे, ता. १२ जानेवारी

प्रिय मामू, अदबीनं सलाम.

आधी पाणी प्या, मग पुढं वाचा. थर्मामीटर बरोबर आहे. आपलं ईट डोंगरपट्ट्यावर, समुद्रापासून लई उंच. तिथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ लाच उकळतं. शंभरला उकळतं ते समुद्रकाठी. हे मला संशोधनाच्या पहिल्याच वर्षी कळलं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून गुपचूप दोन वजा केले. ती चूक माझी.

पण किती मिळवलं हे तुम्ही लिहून ठेवलंत, म्हणून तर बावीस वर्षांची एकही नोंद वाया गेली नाही. अशी वही ठेवणारा माणूस कोण, असं परीक्षकांनी दोनदा विचारलं. तुम्ही आला नाहीत तर शेजारची खुर्ची मी रिकामीच ठेवणार.

मुमानीला सलाम. रागावलात तरी दुआ देत राहा.

तुमची सबिहा


ईट, ता. २५ जानेवारी

चि. सबिहास दुआ.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस भट्टी पेटवली नाही. भट्टी गार अन् मालक तापलेला, असं मुमानी शेजारणीला सांगत होती. मग आपला ट्रकड्रायव्हर माज रत्नागिरीला निघाला, त्याच्याजवळ थर्मामीटर कापसात गुंडाळून दिला. त्यानं बंदरावरच्या चहावाल्याच्या उकळत्या पाण्यात तो बुडवला, शिव्या खाल्ल्या आणि फोटो धाडला. शंभर. केसभरही कमी नाही.

पुस्तिका बरोबर आहे. नऊ फेब्रुवारीला सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं समारंभाला येतो. मंचावर कुणी त्या वहीचं विचारलं, तर चूक माझी होती हे मी सांगीन. तू मध्ये बोलायचं नाहीस.

भेटीपर्यंत खुशाल राहा.

तुझा मामू, बाबामियाँ