फर्दापूरचा ठिपका

२८ डिसेंबर
पुन्हा तेच. सकाळपासून लॉगची कोष्टकं घेऊन बसलो. दुपारी उत्तर आलं ते असं की मीरसाहेबांचा ठिपका थेट सूर्यमालेबाहेर पळत सुटलाय. असा ग्रह नसतो. माझंच गणित कुठंतरी शेण खातंय.

३१ डिसेंबर
एकदा नीट मांडून बघतो. मीरसाहेब फर्दापूरला, निजाम सरकारसाठी लेण्यांतल्या चित्रांचे फोटो काढायला. भिंग मोठं, अंधार फुकटचा. हौसेनं रात्री आभाळाचेही फोटो काचेवर घ्यायला लागले, ताऱ्यांत एक ठिपका सरकताना सापडला. मंगळ-गुरूच्या मधे असे बारके ग्रह पुष्कळ फिरतात, त्यातलाच असणार. काचा तीन. पहिली-तिसरी त्यांनी एकट्यानं घेतली, मधली मी तिथं होतो तेव्हा. यावरून कक्षा बसली तर पुढं कुठं शोधायचा ते कळेल. नाही बसली तर हरवला.

४ जाने.
शाळा सुरू. पोरांना आजवर जी गणितं घातली त्यांची उत्तरं पुस्तकाच्या मागं छापलेली. या एकाचं उत्तर जगात कुणालाच ठाऊक नाही, म्हणून मला ते हवंय. फार हवंय. हे बोलायची सोय नाही, मास्तर लोक हसतील. घरी कुसुम हसतेच. "आभाळातलं सापडंल तवा सापडंल, ताटातलं गार व्हायलंय," म्हणाली.

९ जाने.
मीरसाहेब औरंगाबादेत आले, संध्याकाळी आमच्याकडे. गच्चीत गेलो तर पश्चिमेला चंद्रकोर दिसली. मशिदीकडून गलका. कुसुमनं विचारलं, म्हणजे उद्यापासून रमजानची पहिली का. मी. सा. म्हणाले, "रोजा सुबह से, भाभी. पहली तारीख तो अब्बीच लग गई. हमारी तारीख मगरिब कू, सूरज डूबतेच, बदलती ना."
मी तिथंच खाली बसलो. कुसुमला वाटलं चक्कर आली.

१० जाने.
मी. सा. काचेवर हिजरी तारीख लिहितात. मी जंत्री बघून तिची इंग्रजी केली. जंत्रीत हिजरी तारखेसमोर उजेडातला इंग्रजी दिवस दिलेला असतो, त्यांची तारीख मात्र दिवे लागायलाच पुढची झालेली. म्हणजे त्यांच्या दोन्ही काचा मी एकेक दिवस पुढं ढकलल्या. मधलीची तारीख माझ्या हातची, इंग्रजी, ती बरोबर. कुणाचंच चुकलं नव्हतं आणि सगळं चुकलं होतं. पुन्हा पहिल्यापासून.

१७ जाने.
बसली. सूर्याभोवती साधारण साडेचार वर्षांत एक फेरी, मंगळ-गुरूच्या मधोमध, गुणी बाळासारखी. तीनदा पडताळली. महिनाअखेरीस कुठं दिसेल ते काढून फर्दापूरला कळवलं. आता तिथं नसला तर माझी शोभा.

३१ जाने., रविवार
मी. सा. स्वतः काच घेऊन आले, वाटेत सिल्लोडला मोटार बंद पडली म्हणून उशीर. काच खिडकीशी धरली. आहे. सांगितलेल्या जागेपासून तांदळाच्या दाण्याएवढा बाजूला, पण आहे. "मास्टरसाब, ये तो आपके बुलाने से आया," म्हणाले. मला रडू आलं. काय करणार, आलं. कुसुमनं शिरा केला, त्यांचा रोजा सुटेपर्यंत झाकून ठेवला.

२१ फेब्रु.
हैदराबादच्या वेधशाळेचं उत्तर: त्यांच्या यादीत असा ग्रह नाही, पण पुढच्या खेपेला पुन्हा दिसल्याशिवाय नवा म्हणता येणार नाही. रास्त आहे. आता तो मंद होत चाललाय, मग सूर्याच्या उजेडात बुडेल, तो पुढच्या हिवाळ्यातच पुन्हा दिसायचा.
मी. सा. चं काम उन्हाळ्यात संपतंय. भिंग सरकारी, ते परत जाईल. पुढच्या हिवाळ्यातली जागा काढायला बसलो होतो तर म्हणाले, तेव्हा मी कुठं असेन ते मलाच ठाऊक नाही.
मी म्हटलं, "तो कुठं असेल ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त या."
हसले. हो म्हणाले नाहीत. काचा मात्र माझ्याकडेच ठेवून गेले.